नारू गेला, बारव राहिली

आमच्या गावातल्या पंचवीस-तीस वर्षांच्या पोराला नारू म्हणजे काय असं विचारलं, तर तो आधी तोंडाकडं बघतो आणि मग खिशातला मोबाईल काढतो. त्याच्या आज्याला विचारलं तर तो धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतो आणि नडगीवरचा व्रण दाखवतो. एका माणसाच्या हयातीत एक रोग असा पुसला गेला की त्याचं नावसुद्धा मागं राहिलं नाही. देवीचा रोग गेला त्याची नोंद शाळेच्या पुस्तकात आहे. पोलिओ तर परवा परवा गेला, त्याचे डोस सगळ्यांना आठवतात. पण त्या दोन्ही रोगांना लस होती. नारूला लस नव्हती आणि औषधही नव्हतं. आजसुद्धा नाही. तरी तो गेला. कसा गेला ते थोडं मी डोळ्यांनी पाहिलं, थोडं म्हाताऱ्यांकडून ऐकलं आणि थोडं नंतर वाचून समजून घेतलं. बघितलेली माणसं आता एकेक करून कमी होत चालली आहेत, म्हणून लिहून ठेवतो.

नारू म्हणजे कातडीखाली वाढणारा जंत. पांढरा, शेवयासारखा बारीक आणि दोन-तीन फूट लांब. वर्षभर तो अंगात असतो आणि माणसाला पत्ता नसतो. मग एक दिवस घोट्याजवळ नाहीतर पोटरीवर फोड येतो. आग आग होते, निखारा ठेवल्यासारखी. फोड फुटतो आणि त्यातून दोऱ्याचं टोक बाहेर दिसतं. ते टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं, बोटाच्या एका पेराएवढं, ओढून काढायचं. हाच त्याच्यावरचा उपाय. असे पंधरा दिवस, महिना, कधी दीड महिना जायचा. ओढताना घाई केली की नारू तुटायचा. आत राहिलेला तुकडा कुजायचा, पाय सुजून केळीच्या बुंध्यासारखा व्हायचा. माझ्या थोरल्या चुलत्याचा नारू गुडघ्यात तुटला. तेव्हा त्यांचं वय तिशीच्या आत होतं. पुढं पन्नास वर्षं ते एक पाय ताठ ठेवूनच चालले. औताच्या मागं सरळ चालता येईना म्हणून त्यांच्या वाट्याला कायमची राखण आणि जनावरं आली. घरात कुणी तसं बोललं नाही, पण वाटणीच्या वेळी ते सगळ्यांच्याच लक्षात होतं.

दवाखान्यात जाऊन उपयोग नव्हता, म्हणून जो तो आपापला उपाय करायचा. कुणी रुईचं पान तेल लावून गरम करून बांधायचं. कुणी धोत्र्याच्या पानांचा लेप द्यायचं. बाजूच्या गावात एकजण मंत्र घालून नारू काढायचा, त्याच्याकडं बैलगाड्या लागायच्या. रोग कशानं होतो याची कारणंही तितकीच होती. अंगातली उष्णता, नासलेलं रक्त, कुणाची तरी करणी, मागल्या जन्मीचं पाप. माझी आज्जी म्हणायची, "दुसऱ्याचं पाणी तोडलं की नारू होतो." तिच्या म्हणण्यातलं पाण्याचं नाव तेवढं खरं निघालं.

हा रोग गावात नवा नव्हता. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत स्नायुक नावानं त्याचं वर्णन आहे. म्हणजे शेकडो वर्षं माणसं काड्यांना नारू गुंडाळत बसली होती. शेतकऱ्याला त्याचा मार दुहेरी होता, कारण नारू वेळ बघून यायचा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की नारूचं बी पोटात जायचं आणि वर्षानं, पुन्हा उन्हाळा सरता सरता, तो बाहेर निघायचा. नेमकी तेव्हा नांगरट झालेली असायची, कुळवाच्या पाळ्या चाललेल्या, पेरणी तोंडावर आलेली. मृगाचा पाऊस पडला आणि घरातले दोन कर्ते पुरुष खाटेवर, असं होत असे. बाईला नारू झाला की पाणी कुणी आणायचं, दळण कुणी दळायचं? घात गेली की गेली, ती खाटेवरच्या माणसासाठी थांबत नाही. पेरणी चुकली म्हणून सावकाराकडं गेलेली आणि तिथून परत न आलेली जमीन आमच्या शिवारात दाखवता येते. कागदावर तिथं कर्ज लिहिलेलं आहे. त्याच्या आधीचा नारू कुठं लिहिलेला नाही.

आता बारवेकडं येतो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, आमच्याकडं मराठवाड्यात, जुन्या बारवा पुष्कळ आहेत. आमच्या गावची बारव चौकोनी, घडीव दगडाची. तीन बाजूंनी पायऱ्या पार पाण्यापर्यंत उतरलेल्या. भिंतीत दिवे ठेवायचे कोनाडे, एका बाजूला देवळी, तिच्यात जलदेवता. दुष्काळातसुद्धा गुडघाभर पाणी टिकायचं. कुणी बांधली ते कुणालाच माहीत नाही, पण गावाची इभ्रत ती होती. लग्नात वरुण पुजायला तिथं जायचं, गौरी-गणपती तिथं बोळवायचे. बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून घागर बुडवून भरून घ्यायच्या. वाटसरू पाय धुऊन, चूळ भरून ओंजळीनं पाणी प्यायचा.

सगळ्यांना उतरायची मुभा मात्र नव्हती. बौद्धवाड्यातल्या बायका वरच्या पायरीशी घागरी मांडून उन्हात बसायच्या. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. पाणी बारवेचंच असल्यामुळं नारू त्यांनाही व्हायचा. शिवाशीव माणसं पाळत होती, जंत पाळत नव्हता.

नारूचं खरं कोडं १८७० च्या सुमाराला तुर्कस्तानच्या मुलखात फेडचेंको नावाच्या रशियन संशोधकानं सोडवलं होतं. साठवणीच्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव असतो, त्याला जलपिसू म्हणू. ज्याच्या पायातून नारू निघतोय तो माणूस आग शमवायला पाय पाण्यात घालतो. पाणी लागलं की नारूची मादी लाखोंनी पिलं पाण्यात सोडते. ती जलपिसू खाते. पंधरा दिवसांत पिलं तिच्या पोटात तयार होतात. ते पाणी न गाळता प्यालं की जलपिसू माणसाच्या पोटात जाऊन मरते, पिलं मोकळी होतात, आतडं भेदून अंगात शिरतात आणि वर्षानं दुसरा पाय शोधून बाहेर येतात. रहाटाच्या किंवा पोहऱ्याच्या विहिरीत माणसाचा पाय पाण्याला लागतच नाही, म्हणून तिथं हा फेरा चालत नाही. त्याला जिथं पाय आणि घागर एकाच पाण्यात जातात अशी जागा लागते, आणि आमची बारव तशीच होती. जिनं गावाला शेकडो वर्षं जगवलं तीच त्याला लंगडं करत होती.

या सगळ्या फेऱ्यात एक कच्चा दुवा होता. नारूला आपल्याकडं माणसाशिवाय दुसरं घर नव्हतं. एक वर्षभर गावातल्या एकाही माणसानं नारूचा पाय पाण्यात घातला नाही आणि एकाही माणसानं न गाळलेलं पाणी प्यालं नाही, तर पुढच्या वर्षी नारू नाही. पण त्यासाठी गावानं एकत्र वागायला हवं. नव्व्याण्णव घरांनी पाळलं आणि शंभराव्यानं पाय धुतला, तर नव्व्याण्णव घरांचं पाळणं पाण्यात.

रोगासाठी गावानं एकत्र वागणं आपल्याला अगदीच नवीन नव्हतं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि नंतर खेड्यापाड्यांत पसरला. तेव्हा घरात उंदीर मरून पडला की गाव मोकळं करायचं, माळावर झोपड्या घालून राहायचं, हे लोक शिकले. ज्यांनी गाव लवकर सोडलं ती वाचली. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावच्या सफाईला आणि आरोग्याला जागा दिली. म्हणजे रोग देवाच्या कोपानं नाही, आपल्या घाणीनं होतो, हे सांगणारी माणसं आपल्यात होऊन गेली होती. पण ऐकणं वेगळं आणि वागणं वेगळं.

पहिला धक्का दिला तो १९७२ च्या दुष्काळानं. बारव आटली. तळाच्या गाळात वाट्या घेऊन बायका बसल्या. माणसं सुकडी खाऊन खडी फोडायला गेली. त्या काळात बोअर पाडायच्या गाड्या खेडोपाडी फिरू लागल्या आणि काळ्या कातळात दीडदोनशे फुटांवर पाणी लागतं हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. बोअर पडली तरी तिच्यावर बसवलेला हापसा टिकेना. बिडाचे ते हापसे एका घरापुरते केलेले, इथं त्यावर दिवसाला शेकडो घागरी भरायच्या. महिन्या-दोन महिन्यांत मोडायचे. पुढं जो दणकट हापसा देशभर गेला, 'इंडिया मार्क टू' म्हणतात तो, त्याचं मूळ आमच्या शेजारच्या सोलापूरचं आहे. तिथं कामातूनच शिकलेल्या एका कारागिरानं बनवलेल्या हापशावरून युनिसेफच्या मदतीनं तो सत्तरच्या दशकात तयार झाला. नंतर भारतातून तो परदेशांतही गेला. जगात पाण्यासाठी झालेल्या मोठ्या कामांत सोलापूरच्या मिस्त्रीचा हात आहे, हे आपल्याकडं फार लोकांना ठाऊक नसतं.

आमच्या गावात हापसा आला आणि नवीनच पेच पडला. बोअरला पाणी लागलं ते नेमकं बौद्धवाड्यात. चौकात दोन ठिकाणी घेतलेल्या कोरड्या गेल्या होत्या. पहिला महिना-दीड महिना वरच्या आळीतलं कुणी तिकडं फिरकलं नाही. बारवेचंच पाणी गोड, हापशाच्या पाण्याला लोखंडाचा वास येतो, असं सांगायचं. वैशाख लागला, बारवेत बेडकं दिसायला लागली, तेव्हा एकेक घागर तिकडं जायला लागली. आधी अंधाराची, मग उजेडी. ज्या बायका बारवेच्या वरच्या पायरीशी तासन्‌तास बसायच्या, त्यांच्याच दारात आता वरच्या आळीच्या घागरींची रांग लागली. त्या बायकांनी कुणाला अडवलं नाही. त्यातली एक म्हातारी तेवढी म्हणाली, "या, या. हितं कुनी वरनं वतायला नगं, ज्यानं त्यानं हापसायचं."

तरी नारू गेला नाही. हापसा एक आणि गाव दीडशे उंबऱ्यांचं. शेतातले, वाटेवरचे, सणासुदीचे लोक बारवेतच उतरत. १९८३-८४ साली सरकारनं नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तेव्हाच्या मोजणीत देशातल्या सात राज्यांत, ८९ जिल्ह्यांत मिळून चाळीस हजारांच्या आसपास रुग्ण होते. त्या सात राज्यांत महाराष्ट्रही होता. खरे किती असतील देव जाणे, कारण नारू झालेला माणूस दवाखान्यात जातच नव्हता.

गावात हे काम घेऊन आला तो आरोग्य खात्याचा बहुउद्देशीय कर्मचारी. एवढं लांब नाव कोण घेणार? आम्ही त्याला मलेरियावालाच म्हणायचो, कारण हिवतापासाठी बोटाला टोचून रक्त घेणारा आणि भिंतीवर खडूनं तारीख लिहून जाणारा तोच. सायकलवर यायचा. त्यानं पहिल्यांदा काय केलं, तर बारवेतलं पाणी काचेच्या ग्लासात घेतलं आणि पारावर बसलेल्यांना उन्हाकडं धरून दाखवलं. पाण्यात रव्याच्या कणापेक्षा बारीक पांढरे ठिपके झटके देत उड्या मारत होते. मग तेच पाणी दुहेरी फडक्यातून गाळून दुसऱ्या ग्लासात घेतलं. ठिपके गायब. भाषण पाच मिनिटांचं केलं असेल, पण तो ग्लास त्या दिवशी पारावरून घराघरात फिरला. आमच्या घरात तो माझ्या आईच्या हातात आला तेव्हा ती म्हणाली, "एवढं जित्राब पीत हुतो व्हय आपण?" त्या दिवसापासून आमच्या रांजणावर फडकं चढलं.

काम तीन तऱ्हेचं होतं. पाण्यात औषध टाकणं, पाणी गाळणं आणि पायऱ्या बंद करणं. तिन्हींच्या तऱ्हा न्याऱ्या.

औषधाचं नाव टेमेफॉस. जलपिसू मारायचं, माणसाला अपाय न करणारं. दहा लाख भाग पाण्याला एक भाग, इतकं थोडं पुरतं. पण त्यासाठी बारवेत पाणी किती हे आधी मोजावं लागे. गोल विहिरीचं मोजमाप सोपं. बारवेच्या पायऱ्यांमुळं वर पाणी रुंद, खाली अरुंद. मलेरियावाला दोरीला गाठी मारून खोली घ्यायचा आणि पायरीवर बसून वहीत गुणाकार करायचा. ज्या दिवशी पहिल्यांदा औषध पडलं त्या दिवशी गावात आवई उठली की बारवेत विष घातलं, पोरं होऊ नयेत म्हणून घातलं. आणीबाणीतल्या नसबंदीला तेव्हा दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. सरकारी माणूस म्हटला की लोकांच्या मनात तेच यायचं. त्यानं वाद घातला नाही. त्याच बारवेतून घागर भरून आणली आणि पारावर सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा प्यायला. आठवडाभर तो धडधाकट सायकल हाणताना दिसला तेव्हा आवई विरली.

पाणी गाळणं बायकांच्या हातात होतं, आणि माझ्या मते नारू गेला तो मुख्यतः त्यांच्यामुळं. घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधायचं. खात्यानं जाळीची फडकी दिली होती, पण ती सगळ्यांना पुरली नाहीत. मग जुन्या धोतराचं, लुगड्याच्या पदराचं फडकं. त्यात एक बारकावा होता. फडक्याची वरची बाजू दर वेळी वरच राहिली पाहिजे. उलटं झालं की अडकलेल्या पिसवा घागरीत. म्हणून बायकांनी वरच्या बाजूला रंगीत दोऱ्याचा टाका घातला. कुणी फूल काढलं, कुणी नुसती फुली. ही युक्ती खात्याच्या कागदात होती की बायकांची आपली, ते मला सांगता येणार नाही. आमच्या गावात ती एका चावडीपुढच्या सुनेनं काढली आणि महिन्याभरात सगळ्या आळ्यांत गेली. शेतात न्यायच्या कळशीला, औतावरच्या मोग्याला, सगळीकडं फडकं. पाहुणा आला आणि फडकं नसलेल्या घागरीतलं पाणी दिलं तर सासू सुनेला बोलायची. म्हणजे ते घरच्या रीतीत जाऊन बसलं. सरकारचं राहिलंच नाही.

खरं भांडण झालं ते पायऱ्यांवरून. खात्याचं म्हणणं होतं की बारवेत उतरायची वाट बंद करा, वरून कठडा घाला आणि रहाट बसवा. पाय पाण्याला लागायला नको. ग्रामपंचायतीत दोन तट पडले. म्हातारी माणसं म्हणाली, देवीच्या पायऱ्या बुजवल्या तर गाव बुडेल. वरुण कुठं पुजायचा, गौरी कुठं बोळवायच्या? त्यांचं अगदी खोटं नव्हतं. तसलं दगडाचं काम पुन्हा कुणाच्यानं होणार नव्हतं. तरणी पोरं म्हणत होती, देवी आधी पाय धड ठेवू दे. तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीला माझे थोरले चुलते उभे राहिले. ते कधी बोलत नसत. ताठ पाय पुढं टाकून ते म्हणाले, "देवीला मी हा पाय दिलाय. आता तिनं पायऱ्या द्याव्यात." त्यावर कुणी बोललं नाही.

दोन बाजूंच्या पायऱ्या दगडमातीनं बुजवल्या. तिसऱ्या बाजूला आडवी भिंत घातली. वर कठडा आणि दोन रहाट बसले. दगड वाहायला सगळ्या आळ्यांतून घरटी एक माणूस आला. बारवेची कठड्याची कड सगळ्यांना मोकळी झाली, कारण आता कुणालाच उतरायचं नव्हतं. देवळीतली जलदेवता वर आणून कठड्याजवळ बसवली. बौद्धवाड्यातल्या बायकांचे पोहरे त्याच रहाटावर पडायला पुढं आणखी दोन-तीन वर्षं लागली, तेही लिहायला हवं.

शेवटचं काम शोधायचं होतं. वर्षातून दोन-तीनदा घरोघर जाऊन कुणाच्या पायात नारू आहे का ते विचारायचं. आमच्याकडं यात अडचण ऊसतोडीची. दसरा-दिवाळीनंतर निम्मी वस्ती कारखान्यांच्या फडावर जाते, चैत्र-वैशाखात परतते. ती माणसं बाहेर कुठलं पाणी प्याली कुणास ठाऊक. म्हणून टोळी परतली की मुकादमाच्याच दारात बसून एकेकाचे पाय बघायचे, असं ठरलं. शाळेत गुरुजी पोरांना विचारायचे, "कुणाच्या घरी कुणाच्या पायाला काडी बांधलीय?" पोरं खरं सांगायची. लपवणारेही होते, विशेषतः लग्नाची पोरगी घरात असली तर. मग नारू झालेल्याला कुणी हिणवायचं नाही, उलट त्याचं पाणी शेजाऱ्यानं भरून द्यायचं, म्हणजे त्याला बारवेकडं जावंच लागणार नाही, अशी तोड बायकांनी काढली. खात्याकडून नारू कळवणाऱ्याला पुढं बक्षीसही ठेवलं गेलं होतं. पण आमच्याकडं तोवर कळवायला नारूच उरला नव्हता.

आमच्या गावात शेवटचा नारू कुणाचा, यावर म्हाताऱ्यांत एकमत नाही. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. पुढं तीन वर्षं शोधूनही नवा सापडला नाही, तेव्हा २००० च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं मान्य केलं. आमच्या गावात हे कुणाला कळलं नाही. पेढे वाटले नाहीत, फलक लागला नाही. त्याच वर्षी महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं. गावं झाडून निघाली, बक्षिसं जाहीर झाली. आमचं गावही उतरलं होतं. तपासणीला आलेल्या साहेबांना आम्ही नवी गटारं दाखवली, शोषखड्डे दाखवले. रंगीत टाक्याचं फडकं दाखवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

हे सगळं एका सायकलवाल्यानं केलं असं नाही आणि एकट्या गावानंही नाही. आमच्यापासून फार लांब नाही, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्यानं १९७० पासून हीच गोष्ट दाखवून दिली होती. शिकलेली परिचारिका खेड्यात टिकेना, तेव्हा त्यांनी गावानं निवडून दिलेल्या बायकाच तयार केल्या. पुष्कळ जणी निरक्षर, कित्येक दलित. त्यांनी बाळंतपणं केली, पोरांना लसी टोचून घेतल्या, पाणी आणि शोषखड्डे बघितले. त्या जोडप्याला १९७९ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून आलेल्या आशाताई त्याच वाटेवरच्या. रोग पळवायला मोठा डॉक्टर लागतोच असं नाही. जिचं घर शेजारी आहे, जिच्या शब्दाला उंबऱ्यात मान आहे, अशी बाई लागते. तिला वेळेवर पैसे मिळावेत एवढं तरी आपण बघायला हवं.

जगात अजून नारू संपलेला नाही. १९८६ च्या सुमाराला वर्षाला अंदाजे ३५ लाख माणसांना तो होत होता. अलीकडं आफ्रिकेतल्या मोजक्या देशांत मिळून वर्षाला पंधराच्या आसपास रुग्ण सापडतात. तिकडं कुत्र्यांतही तो आढळल्यामुळं काम लांबलं आहे. तिथल्या बायकासुद्धा फडक्यानंच पाणी गाळतात.

आता आमच्या बारवेचं सांगतो. चार-पाच वर्षांपासून ठिकठिकाणी तरुण पोरं जुन्या बारवा साफ करत आहेत. गाळ काढतात, झुडपं तोडतात, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावतात. चांगलं काम आहे. आमच्याही पोरांनी गेल्या उन्हाळ्यात बारव हातात घेतली. बुजवलेल्या पायऱ्या उकरताना एकजण म्हणाला, "कुण्या अडाण्यांनी बुजवलं हो हे एवढं सुंदर काम?"

त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याला सांगितलं की ते अडाणी म्हणजे तुझा आजा, माझा चुलता आणि वरच्या-खालच्या आळीतली घरटी एक माणसं. त्यांना पायऱ्यांची किंमत कळत होती, म्हणून तर तीन बैठका लागल्या. पायऱ्या उघडा, माझी ना नाही. नारू आता देशात नाही आणि बारवेचं पाणी कुणी पीत नाही. पण नारू गेला म्हणून पाण्याचे सगळे रोग गेले नाहीत. आज घरोघर पाण्याचा जार येतो आणि छपरावरच्या टाकीला झाकण नसतं. गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीत डेंगीनं चार घरं झोपली. डास कुठं सापडले, तर पोर्चमधल्या फ्रीजमागच्या ताटलीत आणि गोठ्यामागच्या जुन्या टायरात. आशाताई आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा म्हणून सांगत फिरते. निम्मी घरं करतात, निम्मी तिला दारातूनच वाटेला लावतात. पण डास काय भिंत बघून थांबतो? शंभराव्या घराचा हिशोब इथंही तोच आहे.

ग्रामसभेत पोरांनी ठराव मांडला की बारव खुली करायची. तो झाला. त्यात मी दोन गोष्टी घालायला लावल्या. शेवटच्या पायरीला लोखंडी जाळी राहील. आणि बारवेच्या माहितीचा जो फलक लागणार आहे, त्यावर दगड कुठल्या काळातला हे लिहिण्याबरोबर या पायऱ्या पस्तीस-चाळीस वर्षं गावानं आपल्या हातानं का बुजवून ठेवल्या होत्या, हेही लिहायचं. मजकूर करायचं काम माझ्याकडं दिलं आहे. फडक्यावर पहिला टाका घालणारी चावडीपुढची वहिनी अजून आहे, पंच्याहत्तरीच्या पुढं गेली आहे. लिहायच्या आधी एकदा तिच्याकडं जाऊन यायचं आहे.